आठवणीतला पाऊस

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात असा निरोप आला, तेव्हा नाशिकमधील साऱ्या शालेय वर्षांतून माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभा राहिला तो अकरावीतला मानसशास्त्राचा एक तास. बाहेर धो-धो पाऊस पडत होता आणि बाईंनी फळ्यावर ‘झुप’, ‘टेण’ अशी तेरा पदे लिहून ती आम्हाला पाठ करायला लावली होती.

त्यांतील एकाही पदाला अर्थ नव्हता, आणि तो नसावा हीच त्यामागची योजना होती. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी अशीच निरर्थक पदे रचून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओळखीच्या शब्दांना जुन्या आठवणी आधीच चिकटलेल्या असतात, म्हणून निव्वळ स्मरण मोजायचे तर अर्थ काढून टाकला पाहिजे, हा त्यांचा विचार मला आजही विलक्षण वाटतो. एकदा पाठ झालेली यादी काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो, यावरून ते धारण, म्हणजे मनात किती टिकून राहिले ते, मोजत. वीस मिनिटांनंतर ही बचत सुमारे ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि महिन्याने २१ टक्के भरली. ब्रह्मगिरीवरून वेगाने उतरणारी गोदावरी रामकुंडाशी येईपर्यंत जशी संथ होते तसा हा विस्मरणाचा वक्र आहे, असे बाईंनी सांगितले.

वुंट यांची लाइपझिगमधील १८७९ ची मानसशास्त्राची प्रयोगशाळा, पावलॉव्ह यांचे अभिसंधान (एखाद्या खुणेला ठरावीक प्रतिसाद देण्याची लागलेली सवय), फ्रॉइड यांची नेणीव हे सारे आम्ही परीक्षेपुरते शिकलो. स्मृतीचे प्रकरण मात्र बाईंनी आमच्याकडून करवून घेतले. दुष्यंतासमोर शकुंतला प्रत्यक्ष उभी असूनही त्याला ती ओळखता आली नाही, म्हणजे त्याची प्रत्यभिज्ञा हुकली. पुढे अंगठी पाहून सारे आठवले, ते संकेतामुळे झालेले प्रत्यावाहन, असे त्या समजावत. या संज्ञा अवघड आहेत अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मला ती पटत नाही, कारण शब्दाची फोड केली की अर्थ हाती येतो.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचे काम मला पुढे अधिक महत्त्वाचे वाटू लागले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत इंग्रज वाचकांनी उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा आठवून सांगितली, तेव्हा सीलची शिकार जाऊन तिथे साधी मासेमारी आली. आठवण कोठारातून जशीच्या तशी काढली जात नाही, आपण तिची आपल्या ओळखीच्या साच्यात पुनर्रचना करतो, असे त्यांनी मांडले.

हे मनोगत लिहिताना माळ्यावरची प्रयोगवही खाली काढली. त्या प्रयोगावर तारीख फेब्रुवारीची आहे. ज्या पावसाचा आवाज मी इतकी वर्षे ऐकत आलो, तो त्या दिवशी पडलाच नसणार. जुलैमधल्या दुसऱ्या कुठल्या तरी तासाचा पाऊस मी तिथे आणून ठेवला असावा. पदे मात्र तेराच आहेत. वही उघडण्याआधी त्यांपैकी ‘झुप’ आणि ‘टेण’ एवढी दोनच मला सांगता आली होती. उरलेली अकरा बाईंच्या लाल शाईच्या खुणेशेजारी दिसली, आणि त्यांतले प्रत्येक पद मी पाहताक्षणी ओळखले.