ॲलन टुसाँ : आवाज ओळखून गाणे बेतणारा माणूस

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताचा विषय निघाला की गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो यांचे नाव आधी घेतले जाते. परंतु १९५७ साली डॉमिनो दौऱ्यावर असताना त्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी हुबेहूब त्यांच्याच ढंगात पियानो वाजवून देणारा, विशीही न गाठलेला ॲलन टुसाँ मात्र श्रोत्यांच्या गावीही नव्हता. पुढची पाच दशके टुसाँ यांनी बहुतांशी असेच, दुसऱ्याच्या नावामागे राहून काम केले आणि माझ्या मते त्यांचे मोठेपण नेमके त्यातच आहे.

१९३८ साली जन्मलेले टुसाँ १९६०च्या सुमारास ‘मिनिट’ या रेकॉर्ड कंपनीसाठी गीते लिहू लागले, वाद्यमेळ बांधू लागले आणि निर्मितीही पाहू लागले. गायकांच्या तालमी आईवडिलांच्या घरातच चालत. शिंप्याने माप घेऊन कपडा बेतावा तसे ते समोरच्या गळ्याचा पल्ला पाहून गाणे रचत. गायक अर्नी के-डो यांच्यासाठी लिहिलेले ‘मदर-इन-लॉ’ मनासारखे जमेना म्हणून त्यांनी कागद कचऱ्यात टाकला होता. साथीला गाणाऱ्या विली हार्पर यांनी तो उचलून आणला, अशी हकीकत सांगतात. १९६१ मध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सासूच्या नावाने बोटे मोडणारे हे गाणे एरवी बेताचेच. त्याला खरी लज्जत येते ती बेनी स्पेलमन यांनी खर्जात लावलेल्या पालुपदामुळे. त्या उपकाराची फेड म्हणून टुसाँ यांनी स्पेलमन यांना ‘लिपस्टिक ट्रेसेस’ लिहून दिले. याउलट गायिका अर्मा थॉमस यांच्या ‘इट्स रेनिंग’मध्ये वाद्ये इतकी संयमाने मागे राहतात की विरहाचा सगळा भार एकट्या आवाजावर येतो, आणि तो आवाज हा भार सहज पेलतो. अनेक गाण्यांवर तर टुसाँ यांनी गीतकार म्हणून स्वतःऐवजी आईचे माहेरचे नाव, नेओमी नेव्हिल, घातले.

लष्करातील नोकरीनंतर निर्माते मार्शल सीहॉर्न यांच्या भागीदारीत त्यांनी गायक ली डॉर्सी यांची गाणी केली, ‘द मीटर्स’ या वाद्यवृंदाला हाताशी धरून ठेक्यावर भर देणाऱ्या फंक संगीताची घडण केली आणि १९७३ मध्ये ‘सी-सेंट’ स्टुडिओ उभारला. ‘लाबेल’ या गायिकांच्या त्रयीचे ‘लेडी मार्मलेड’ ही त्यांचीच निर्मिती.

२००५च्या कॅटरिना चक्रीवादळानंतरच्या पुरात घर आणि स्टुडिओ दोन्ही गेले. न्यूयॉर्कला मुक्काम हलवावा लागलेल्या टुसाँ यांनी साठी उलटल्यावर एकट्याने पियानोवर बसून मैफली सुरू केल्या, तेव्हा कुठे अनेकांना कळले की आपल्या तोंडी असलेली इतकी गाणी या एकाच माणसाची आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये माद्रिदला कार्यक्रमानंतर त्यांचे निधन झाले. २०२२ साली न्यू ऑर्लिन्सच्या नगर परिषदेने अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेले सेनापती रॉबर्ट ली यांच्या नावाचा रस्ता टुसाँ यांच्या नावे केला. मरणोत्तर आलेल्या ‘अमेरिकन ट्यून्स’ या अल्बममध्ये ते जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि न्यू ऑर्लिन्सचे पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर यांच्या रचना वाजवतात, त्यांचा पियानो ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी.