भिंतीकडेची माती

विकतच्या भाजीवर काय काय फवारलेलं असतं कोण जाणे, म्हणून घरामागच्या पट्ट्यात भाजी लावायला घेतली. आपल्या हातची म्हणजे चोख, एवढाच माझा हिशोब. पहिल्या वर्षी पालक आणि मुळे पोटभर खाल्ले. दुसऱ्या वर्षी भिंतीलगत खणताना मातीत टिकलीएवढे हिरवट तुकडे दिसायला लागले. एक नखाने खरवडला तर पापुद्रे सुटले, वर हिरवा, खाली पांढरा. भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे होते ते. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं हे आठवलं आणि पोटात गोळाच आला.

मातीचा नमुना दिला. अहवालात नत्र, स्फुरद, पालाश, सामू सगळं होतं, शिशाचा पत्ताच नाही! नेहमीच्या माती परीक्षणात ते नसतं, वेगळं सांगावं लागतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. पुन्हा नमुना, पुन्हा वाट बघणं. आकडा आला किलोमागे 280 मिलिग्रॅम. एरवी मातीत साधारण 10 ते 50 सापडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घराभोवतीच्या मातीसाठी इशारापातळी 2024 मध्ये 400 वरून 200 वर आणली. म्हणजे माझी माती जुन्या मापाने पास, नव्या मापाने नापास.

शिसं कुजत नाही, पावसाने फारसं खाली झिरपतही नाही, वरच्या थरातच चिकटून बसतं. मला वाटायचं, झाड ते मुळांतून ओढून पानांत भरत असेल. पण तसं फार थोडं होतं. खरी भीती पानांवर उडालेल्या धुळीची, मुळ्याच्या सालीला धरलेल्या मातीची आणि माझ्याच नखांतल्या मळाची. कॅडमियम, हाही शिशासारखाच विषारी धातू, मात्र पालेभाज्यांत सहज चढतं. सुदैवाने माझ्याकडे ते नगण्य निघालं.

भिंतीकडेची जागा फुलझाडांना दिली. पालक-मुळ्यासाठी जाड कापड अंथरून त्यावर दीड फूट उंचीचे वाफे केले, माती नवी. टोमॅटो आणि घेवडा भिंतीपासून लांब, जमिनीतच ठेवले, कारण फळांत शिसं सगळ्यांत कमी उतरतं. वाटांवर पालापाचोळा पसरला. बागेतल्या चपला आता दाराबाहेरच.

एवढं करून फटका बसला तो विकत आणलेल्या शेणखताचा. घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. आधी रोग समजून पानं खुडत बसले. चाऱ्यावर मारलेली काही तणनाशकं जनावराच्या पोटातून शेणात उतरतात आणि कुजलेल्या खतातही टिकतात, हे तेव्हा कळलं. आता प्रत्येक पोत्यातलं थोडं खत कुंडीत कालवून चार घेवडे पेरते. तीन आठवड्यांत पानं सरळ आली, तरच ते खत वाफ्यात.

गेल्या हंगामात टोमॅटो वजन करून लिहून ठेवले. 40 किलो भरले. छाती फुगली. मग सहज गणित केलं, किलोला सुमारे 180 कॅलरी, म्हणजे एका माणसाचं साडेतीन दिवसांचं पोट. स्वयंपूर्ण वगैरे शब्द तेव्हापासून मी जपूनच वापरते, पण ताटातली भाजी बहुतेक दिवस घरची असते.

यंदा पुन्हा नमुने दिलेत, भिंतीपासून एक, तीन आणि सहा फुटांवरचे, वेगवेगळ्या पिशव्यांत. अहवाल यायचा आहे.