एवढ्याशा घरात गणपती कुठे बसवता?

श्रावण लागला की हा प्रश्न येतोच. घोडबंदर रोडला नवीन घर घेतलेली भाची फोन करते, ऑफिसातली एखादी मुलगी डबा खाता खाता विचारते, "काकू, तुमचं तर वन रूम किचन. गणपती, आरास, पाहुणे, सगळं मावतं कसं? मखर कुठून आणता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत आमची बाहेरची खोली दहा बाय बाराची आहे. त्यातच दिवाण, कपाट, टीव्ही आणि पाच दिवस बाप्पा.

मखर आम्ही आणत नाही. गणपतीच्या मागे काय लावायचं याचा लोक महिनाभर खल करतात. लहान घरात आधी गणपतीच्या पुढे किती जागा उरते ते बघावं. पूजेला बसायचा पाट, ताम्हन, तबकं, नैवेद्याचं पान, आरतीला उभी राहणारी मजल्यावरची मंडळी, शिवाय येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करायला हवा तेवढा फरशीचा तुकडा. बाजारातलं तयार मखर दोन फूट तरी खोल असतं. ती दोन फुटं ह्याच माणसांची गेली. म्हणून आमची मूर्ती भिंतीलगत, थोडंसं अंतर सोडून बसते. मूर्तीही लहानच. 2020 साली करोनामुळे सरकारने घरगुती मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली, तेव्हा बऱ्याच घरांत चर्चा झाली. आमच्याकडे कुणाला काही वाटलं नाही, आमचा बाप्पा वीतभराहून थोडा मोठा.

सजावटीचं पहिलं काम म्हणजे सामान हलवणं. दिवाण खिडकीकडे सरकतो, टीव्ही कपड्यात गुंडाळून कपाटावर जातो, भिंतीवरचं कॅलेंडर आणि किल्ल्यांचं स्टँड उतरतं. एवढं केलं तरी खोली निम्मी सजल्यासारखी वाटते. टीव्ही काढण्यावरून घरात दरवर्षी धुसफूस होते, पण ते आमचं आम्ही बघू.

मग लोखंडी ट्रंक ओढायची, तिच्यावर सतरंजीची घडी आणि त्यावर चौरंग. वर्षभर सजावटीचं सामान ह्याच ट्रंकेत असतं, त्यामुळे ते ठेवायला वेगळी जागा लागत नाही. उंची मुद्दाम कमी ठेवते. आमच्याकडे येणारे सतरंजीवर बसतात, तेव्हा बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर मूर्तीचा चेहरा यायला हवा. फार उंच बसवली की मान वर करून सोंडेची खालची बाजूच बघायची.

मागच्या भिंतीला सासूबाईंचं इरकली लुगडं. नऊवारी म्हणजे आठेक मीटर कापड. दुहेरी करून पडद्याच्या दांडीवर चुण्या घालून सोडलं की आमची भिंत पुरती झाकते. रंग एकच आणि गडद, आमचा बाटलीच्या हिरव्याकडे झुकणारा. मूर्तीवर आधीच पितांबर, शेला, मुकुट, दागिने इतके रंग असतात, मागे फुलाफुलांचं कापड लावलं तर गणपती त्यात हरवतो. समई मात्र ह्या कापडापासून चांगली लांब, आणि खिडकीच्या वाऱ्यात येणार नाही अशी. एवढ्याशा खोलीत पदर, पडदे आणि ज्योत यांची गाठ पडायला वेळ लागत नाही.

दिव्यांची माळ एकच सोडते, तीही कापडाच्या मागून. चमचमणारी नको, डोळे दुखतात आणि आरतीचे फोटोही नीट येत नाहीत. बल्ब घेताना खोक्यावरचा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा, आकडा वाचा. 6500 केल्विन म्हणजे ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा, त्यात शाडूची मूर्ती आजारी दिसते. 2700 चा पिवळसर घ्या, समईच्या उजेडाशी तो जुळतो.

आता खरी आरास. सासर सिंधुदुर्गातलं, त्यामुळे आमच्या गणपतीवर माटवी हवीच. गावच्या घरी ती चांगली प्रशस्त लाकडी चौकट असते, गणपतीच्या डोक्यावर आडवी टांगलेली, आणि तिला रानातलं, परसातलं जे जे त्या दिवसांत पिकतं ते सगळं बांधायचं. इथे काय करायचं? आमच्या छताला पाळण्यासाठी लावलेल्या कड्या होत्या. पाळणा केव्हाच गेला, कड्या राहिल्या. त्यांना दोन फूट लांब आणि फूटभर रुंद अशी पट्ट्यांची चौकट सुतारकाम करणाऱ्या शेजाऱ्यांनी जोडून दिली. तिला आंब्याचे टाळे म्हणजे डहाळ्या, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, काकडी, छोटा चिबूड, तेरडा, हरणाची फुलं, आणि मिळाली तर कवंडळं. लालभडक कवंडळांनी खोली उजळते. पण ती कडूजहर असतात, खायची नसतात, लहान मुलं येणार असतील तर उंच बांधा. नारळ बरोब्बर मूर्तीच्या डोक्यावर टांगू नका, कडेला टांगा आणि काथ्याने दोनदा बांधा. नव्या इमारतीत कडी नसेल तर छताला भोकं पाडत बसू नका, पडद्याच्या दांडीलाच टाळे आणि चार फळं बांधली तरी माटवीच.

हे सगळं मिळतं जांभळी नाक्याच्या बाजारात. हरतालिकेच्या दिवशी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, पण येऊरच्या आणि शहापूरकडच्या बायका पत्री, तेरडा, रानफुलं घेऊन बसतात त्या त्याच सुमारास. मी सकाळी लवकर जाते आणि त्यांच्याशी भाव करत नाही. सणाची तारीख कुठे पडते त्यावरही आरास ठरते. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती 14 सप्टेंबरला गेली. ऑगस्टातला तेरडा कोवळा, पावसाने भिजलेला मिळतो, सप्टेंबरात फुलं वेगळी, फळं जास्त पिकलेली. म्हणून यादी घरून करून नेत नाही, समोर दिसेल ते घेते. केळीचे खुंट मात्र आणत नाही. त्यांचा चीक कपड्याला लागला की डाग जन्माचा, आणि लहान खोलीत कुणाचा ना कुणाचा सदरा लागतोच.

थर्माकोलचं विचारणारे अजून भेटतात. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकसोबत थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली, हे पुष्कळांना ठाऊक असूनही पांढऱ्या कमानी कुठून तरी निघतातच. बंदी नसती तरी मी आणला नसता. चुरा दिवाणाखाली दिवाळीपर्यंत सापडतो, आणि पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा तर वन रूम किचनमध्ये कुठे?

गौरींबद्दल दुसरा प्रश्न असतो: उभ्या गौरी एवढ्या जागेत कशा? तर त्या उभ्याच असल्या पाहिजेत असं नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून आणलेले खडे ताम्हनात ठेवायचे, झाली गौर. काही घरांत तेरड्याच्या रोपांचीच गौर करतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि गौरीचा मुक्कामही अनुराधा, ज्येष्ठा, मूळ असा तीनच नक्षत्रांचा. जागा नाही म्हणून कुळाचार बदला असं मी सांगणार नाही, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पण ज्यांच्याकडे मुखवट्यांच्या गौरी आहेत त्यांनी पुतळे उभे करण्याऐवजी मुखवटे कलशावर बसवले तर निम्मी जागा वाचते, आणि तीही जुनीच पद्धत आहे.

रांगोळी फरशीवर काढली की पहिल्याच पाहुण्याच्या पायाला लागते. मी ती पाटावर काढते आणि पाट चौरंगाखाली ट्रंकेला टेकवते. दारात मात्र उंबऱ्याला गेरूचा पट्टा आणि त्यावर पावलं, एवढं पुरतं.

पाचव्या दिवशी माटवीची काकडी कोशिंबिरीत जाते, चिबूड मजल्यावर वाटला जातो, हार आणि पत्री महापालिकेच्या निर्माल्य कलशात, लुगडं हलक्या हाताने धुऊन पुन्हा ट्रंकेत. बाप्पाला आम्ही मासुंदा तलावाजवळच्या कृत्रिम तलावावर नेतो. घरी बादलीत विसर्जन करणाऱ्यांना एकच सांगते: विरघळलेली शाडू एकटी कुंडीत ओतू नका. ती चिकणमाती, वाळली की दगड होते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. साध्या मातीत आणि शेणखतात थोडी थोडी मिसळून घाला. आणि मूर्ती रंगवलेली असेल तर तुळशीऐवजी जास्वंदीच्या कुंडीत.