निबंधाच्या वहीतलं 'जीवन'

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी शाळेची घंटा, पटांगण आणि मधली सुट्टी यांवर लिहावं असा रिवाज आहे. ते इतर कोणीतरी लिहीलच. हे मनोगत शाळेतून कॉलेजात बरोबर आलेल्या एकाच गोष्टीबद्दल आहे, ती म्हणजे नेमून दिलेला निबंध. शाळेत त्याची नावं 'माझे ध्येय', 'वेळेचे महत्त्व', 'श्रमप्रतिष्ठा' अशी असतात. मराठी विषय घेऊन टी.वाय.पर्यंत, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आलं की त्यालाच 'असाइनमेंट' म्हणतात, शंभर-सव्वाशे शब्दांचे पाचशे होतात आणि विषय होतात 'अपयश', 'एकटेपणा', 'जगण्याचा अर्थ'. कोऱ्या पानापुढची पंचाईत मात्र इयत्ता आठवीतलीच राहते.

निम्मा घोळ शब्दातच आहे. 'निबंध' या शब्दात बांधणं आहे. धर्मशास्त्रातली विखुरलेली वचनं विषयवार बांधून केलेल्या ग्रंथांना निबंध म्हणत. देवगिरीच्या यादवांकडच्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' त्याच जातीचा. फ्रान्समध्ये मिशेल द माँतेनने १५८० साली स्वतःच्या सवयी, भीती, आवडीनिवडी यांवरचं लेखन छापलं, तेव्हा त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो 'प्रयत्न' किंवा 'चाचपणी'. मराठीत या दोन्ही गोष्टींना आपण निबंधच म्हणतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेली 'निबंधमाला' ८४ अंक चालली. ती बांधणीची, मुद्दा रेटत नेणारी. विसाव्या शतकात आलेला लघुनिबंध चाचपणीचा. शाळेत पद्धत पहिल्याची शिकवली जाते आणि विषय दुसऱ्याचे दिले जातात. 'स्वच्छतेचे महत्त्व' हे प्रस्तावना, मुद्दे, समारोप या साच्यात व्यवस्थित बसतं. 'आयुष्य' त्यात घालायला गेलं की साचा तेवढा हातात राहतो.

दहावीच्या मराठी विषयाच्या, म्हणजे कुमारभारतीच्या ८० गुणांच्या पत्रिकेत प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांपैकी एक लिहायचं असतं. त्याला ८ गुण आणि १०० ते १२० शब्द. मध्यम अक्षरात एका ओळीत आठ-नऊ शब्द बसतात, म्हणजे हे सगळं प्रकरण तेरा-चौदा ओळींचं. बहुतेकांची प्रस्तावनाच चाळीस शब्दांची असते, शेवटचा उपदेश तीस शब्दांचा. राहिलेल्या पन्नास शब्दांत काय सांगणार? १२० शब्दांत एक वस्तू किंवा एक प्रसंग, त्याचे दोन-तीन बारकावे आणि एक वळण, एवढंच मावतं. वीस मिनिटं हाताशी असतील तर चार मुद्द्यांना, तेरा लिहायला, तीन पुन्हा वाचायला. ती शेवटची तीन मिनिटं बहुतेक जण प्रस्तावनेलाच देऊन बसतात.

आपल्याकडे सगळ्यात हिणवला गेलेला प्रकार म्हणजे 'मी छत्री बोलतेय'. कॉलेजात तर त्याची चेष्टाच होते. पण आयुष्याबद्दल लिहायला शिकवणारा शाळेतला खरा प्रकार हाच, कारण तिथे विषयाला हात-पाय असतात. बिघडतो कुठे तेही ठरलेलं आहे: दुसऱ्या ओळीपासून छत्री गाऱ्हाणी सांगायला लागते. 'मला कोणी विचारत नाही, मला कोपऱ्यात टाकून दिलं.' हेच शब्द फाटक्या पुस्तकाला चालतात, तुटक्या खुर्चीला चालतात, रिकाम्या घरालाही चालतात. वाक्य तपासायची सोपी कसोटी हीच. ते उचलून दुसऱ्या निबंधात ठेवलं आणि तिथेही चपखल बसलं, तर ते आपल्या निबंधाचं नाही. खोडावं.

छत्रीला छत्रीचंच काही माहीत असायला हवं. साध्या काळ्या छत्रीला काड्या आठ. कापड बहुधा आधी फाटत नाही. काडीच्या टोकाशी घातलेला टाका सुटतो आणि मग तो एक कोपरा वाऱ्यावर फडफडतो. ओली छत्री मिटून ठेवली की आतल्या सांध्यांना गंज धरतो. उघडी करून वाळवली तर ती जास्त टिकते. मृग लागायच्या आधी दुरुस्तीवाल्याकडे गर्दी असते, दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. आता यातलं 'ओली मिटून ठेवली की आतून गंजते' एवढंच वाक्य घ्या. वाचणाऱ्याला कोणीतरी माणूस आठवतोच. मात्र त्यापुढे 'माणसाचंही असंच असतं' असं लिहिलं की छत्रीही जाते आणि माणूसही. अर्थ समजावून सांगायची ही खोड सुटायला फार वेळ लागतो, कारण वर्षानुवर्षं 'या कवितेतून कवीला काय सांगायचे आहे' याच प्रश्नाला गुण मिळालेले असतात.

एसटीचंही तसंच. 'मी लालपरी बोलतेय' मध्ये खड्डे, गर्दी आणि सरकार येतं. पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, ही माहिती पाठ करून घालणारेही असतात, पण ती तारीख निबंधात नुसती पडून राहते. दोरी ओढून एक घंटी दिली की थांब, दोन दिल्या की चल, हे त्या गाडीच्या अंगातलं ज्ञान. रात्रीच्या शेवटच्या फेरीला दुसरी घंटी द्यायला कंडक्टर जरा रेंगाळतो, कारण रस्त्यावरून कोणीतरी धावत येत असतं. 'थांबणं' या विषयावरचा पाचशे शब्दांचा निबंध तेवढ्यावर उभा राहू शकतो.

कॉलेजातल्या विषयांची अडचण ही की तिथे छत्री देत नाहीत, थेट 'एकटेपणा' देतात. वस्तू आपणच शोधायची असते. एक रीत चांगली चालते. विषय वर लिहावा आणि दहा मिनिटांत त्याच्याखाली वीस नोंदी कराव्यात. वाक्यं नकोत, फक्त नामं: डबा, हॉस्टेलचं कुलूप, मिस्ड कॉल, दोन कप. पहिल्या सहा-सात बहुतेक वर्गातल्या प्रत्येकाच्या कागदावर असतात, त्या काटाव्यात. बाराव्या-तेराव्या नोंदीपासून डोकं कंटाळतं आणि मग कामाचं काहीतरी हाती लागतं. त्यातली एक निवडून तिला तीन प्रश्न विचारावेत: केव्हा, कोणाच्या हातात, किती. 'आजी एकटी पडली' याला ही उत्तरं नाहीत. 'आजी अजूनही दोघांच्या मापाचाच भात लावते आणि उरलेल्याचा सकाळी फोडणीचा करते' याला आहेत. पाचशे शब्दांपैकी निदान तीनशे त्या एका गोष्टीला द्यावेत. उरलेल्यात सुरुवात आणि वळण सहज होतं. सुरुवात शेवटी लिहिली तर फारच बरं, किंवा पहिला परिच्छेद सरळ काढून टाकून बघावं. दहातल्या सात वेळा निबंध दुसऱ्यापासूनच सुरू झालेला असतो.

चुकांमध्ये सुभाषिताने सुरुवात ही पहिली. पहिली ओळच परक्याची असली की पुढचा परिच्छेद तिचा भावार्थ सांगण्यात जातो आणि लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येईपर्यंत पान उलटतं. दुसरी चूक तराजूची: एकीकडे असं, दुसरीकडे तसं, म्हणून दोन्हींचा सुवर्णमध्य. वैचारिक निबंधात ते खपतं. आयुष्यावरच्या निबंधात त्याचा अर्थ एवढाच होतो की लिहिणाऱ्याने काही ठरवलेलं नाही. आणि तिसरं म्हणजे मरण. शालेय निबंधांत आजोबा दगावण्याचं प्रमाण काळजी वाटावी इतकं आहे! याचं कारण दुष्टपणा नव्हे. जीवनावर लिहायचं म्हणजे घटना मोठीच हवी, अशी समजूत असते. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख अभ्यासाला असतो, पण त्यातली युक्ती अभ्यासली जात नाही. त्यात घडतं काय? एका सभेत बाईंची ओळख वडील, सासरे, नवरा यांच्या नावांनी करून दिली जाते, त्यात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, आणि परतताना रस्त्यातल्या पोरांच्या बोलण्यातून आपण कोणाची तरी आई आहोत हे कानावर पडतं. बस. कोणी मेलेलं नाही.

मोबाईलवर मागताक्षणी मिळणारा तयार निबंध हल्ली सगळ्यांना माहीत आहे. त्याला फार घाबरायचं कारण नाही. वरच्या उचलून ठेवण्याच्या कसोटीत त्यातलं एकही वाक्य टिकत नाही.

तपासणीबद्दलही लिहायला हवं, कारण निबंध मुलं लिहितात पण घडतो तो लाल शाईने. ६० वह्या, प्रत्येकीला पाच मिनिटं म्हटलं तरी पाच तास होतात, आणि ते तास वेळापत्रकात कुठेच नसतात. त्यामुळे शाई तिथेच जाते जिथे नियम आहे. शुद्धलेखनाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे १८ नियम हाताशी आहेत. ऱ्हस्व-दीर्घाला गोल करता येतो. वाक्य खोटं वाटतंय याला कुठलाच नियम नाही. म्हणून शेवटी 'छान' किंवा 'अक्षर सुधारा' एवढंच उरतं आणि मुलाला कळत नाही की छान काय होतं. त्यापेक्षा एका वहीत एकच वाक्य निवडून समासात 'कुठे?' किंवा 'किती?' एवढं लिहावं आणि पुढच्या तासाला फक्त ते वाक्य परत लिहून घ्यावं. मिनिटभराचं काम आहे. शेरा म्हणून 'किती?' मिळालेलं मूल 'खूप पाऊस पडत होता' असं पुन्हा सहसा लिहीत नाही.

हा प्रकार शाळा-कॉलेजात संपतो असंही नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा असतो, तीन तासांत प्रत्येकी हजार-बाराशे शब्दांचे दोन निबंध, आणि ते मराठीतही लिहिता येतात. तिथले कित्येक विषय जीवन, सत्य, माणुसकी असेच असतात. तयारी करणारे लोक त्यासाठी सुभाषितांच्या याद्या पाठ करतात. काड्या आठ असतात हे कोणी पाठ करत नाही.

शाळेच्या निबंधवहीसाठी पुढच्या वर्षी काही विषय सुचवता आले तर हे सुचवावेसे वाटतात: पाण्याच्या टाकीचा तिसरा नळ, एका डस्टरचं जून ते एप्रिल, हजेरीपटावरची खोडलेली नावं, ऑफ तासाला वर्गात होणारा आवाज, शिपाईकाकांच्या किल्ल्यांचा जुडगा. शब्द १२०, वेळ वीस मिनिटं, निदान दोन आकडे, आणि कुठल्याही निबंधात 'जीवन' हा शब्द आला तर अर्धा गुण कमी. वह्या दोनशे पानी नकोत, शंभर पानी पुरतील. जाड वही दिसली की मुलं प्रस्तावना लिहायला लागतात.