पितळ भाजणारे काका

"ह्याने तोंड भाजलेलं दिसत नाही. फाटणार बघ." काका एवढंच बोलले आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतली ती पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, खरंच तोंडाशी उभी चिरली!

साकीनाक्याच्या गाळ्यात चहा पिता पिता मी सहज दाखवत होतो. इंग्लंडमधला कोणीतरी हौशी माणूस, त्याच्याकडे जुनी मार्टिनी-हेन्री, १८७१ ला ब्रिटिश सैन्यात आलेली रायफल, तिच्या ५७७/४५० मापाच्या काडतुसाची तयार पुंगळी फार महाग पडते म्हणून तो २४ गेज मापाच्या शॉटगनची पितळी पुंगळी डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, टप्प्याटप्प्याने दाबून तोंड बारीक करत होता.

काकांनी बंदूक कधी हातात धरलेली नाही. जन्म गेला प्रेस आणि डायवर. पण पितळ दाबलं की कडक होतं, भाजलं की परत मऊ पडतं, हे त्यांच्या हाताला माहीत. "आणि बुड भाजायचं नाही हां, दाब तिथे येणार, ते कडकच पाहिजे."

ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडेच पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची, दाबलेल्या पितळेत ताण राहिलेला आणि हवेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया. कारण नीट कळलं १९२१ मध्ये, आणि उपाय काय तर मंद आचेवर भाजून ताण काढायचा, म्हणजे काकांचं रोजचंच काम.

गाळ्यात त्यांच्या हाताखाली आता एकही पोरगा नाही, हे मात्र डोक्यातून जात नाहीये. तुमच्या ओळखीत कोणी शिकतंय का हे काम?