लेन स्टेलीचा अनप्लग्ड

ॲलिस इन चेन्स या अमेरिकन रॉक बँडचा एमटीव्हीवरचा अनप्लग्ड (म्हणजे अकूस्टिक गिटारवर वाजवलेला शो) परत बघितला, आणि परत तेच, डोकं बाजूला ठेवून बसलो. १० एप्रिल १९९६, ब्रुकलिन, बँड जवळपास अडीच वर्षांनी लोकांसमोर वाजवतोय, सगळीकडे मेणबत्त्या, आणि बँडचा गायक लेन स्टेली येतो तो गुलाबी केस, काळा गॉगल, इतका बारीक की बघवत नाही. पहिलंच गाणं नटशेल. आवाज मात्र जसाच्या तसा, म्हणजे कसला माणूस होता यार!

आमच्याकडे मालवणात पावसात लाईट गेलेली, मी पडवीत मोबाईलवर लावलं तर आजी आतून विचारते, "ह्यो कोण रडता रे?" आता हिला लेनचं हेरॉईनचं व्यसन काय समजावणार, पण तिने बरोब्बर ओळखलं बघा.

'स्लज फॅक्टरी' गाण्याला लेन शब्द विसरतो, शिवी घालतो, परत सुरू करतो. लोक म्हणतात नशेमुळे, असेलही, पण चुकतात की सगळेच. मला उलट गिटारिस्ट जेरी कँट्रेलबरोबरचं ते दोघांचं एकत्र गाणं बघा म्हणावंसं वाटतं, दोन आवाज असे चिकटतात की कुठला कोणाचा कळत नाही. जेरीला त्यादिवशी फूड पॉयझनिंग झालेलं म्हणे, तरी वाजवतोय.

त्याच जुलैत लेनचा शेवटचा शो झाला, नंतर घरातच कोंडून घेतलं त्याने. ५ एप्रिल २००२ ला गेला, वय ३४, आणि कळलं दोन आठवड्यांनी. हे 'रॉकस्टार लाईफ' म्हणून मिरवणाऱ्यांचा जाम राग येतो मला.