गर्दी नको, हे कोणी सांगितलं?

फॉर्म सूनबाईंनी भरला होता. प्रवासी दोन, वय पासष्टच्या पुढे, शुद्ध शाकाहारी, लिफ्ट हवीच. शेवटच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आई-बाबांना गर्दी अजिबात नको. बजेटची चिंता करू नका.' मुंबईच्या एका एजन्सीसाठी मी नेदरलँड्समधली खासगी सहलींची कामं बघते. असा फॉर्म आला की मी खूश. ॲमस्टरडॅम नाही, क्यूकेनहोफच्या ट्युलिप बागेतल्या रांगा नाहीत, पवनचक्क्यांसमोर सेल्फी नाही. खीटहोर्नसुद्धा नाही. बिनरस्त्याचं, कालव्यांचं शांत गाव म्हणून ते आम्हीच लोकांनी विकलं, आता उन्हाळ्यात तिथे बोटीला बोट घासते.

बजेटची चिंता नाही म्हटलं तरी या देशात पैशाने फार काही हलत नाही, हे आपल्या पाहुण्यांना पटवणं अवघड जातं. छोट्या शहरांतली सुंदर हॉटेलं जुन्या घरांत असतात. वारसा इमारत म्हणून लिफ्टला बऱ्याचदा परवानगी मिळत नाही, आणि बॅग उचलायला कोणी धावत येत नाही, कारण रिसेप्शनवरची मुलगीच सकाळी नाश्ताही लावते. स्वयंपाकघर नऊला बंद म्हणजे बंद. नोट सरकवायला गेलात तर समोरचा गोंधळून बघतो. त्यामुळे माझी सगळी मेहनत आधीच्या फोनांवर. शुद्ध शाकाहारी म्हटल्यावर शेफ खुशीत म्हणतो, चीज घालतो. मग मी विचारायचं, चीज कोणतं? इथलं बरंचसं चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने जमवतात. पार्मेझानमध्ये तर ते असतंच. गोड पदार्थात जिलेटिन, सूपच्या तळाशी मांसाचा स्टॉक. ही यादी मी डचमध्ये करून ठेवली आहे आणि शेफकडून 'वाचलं' असं लेखी उत्तर आल्याशिवाय टेबल पक्कं करत नाही. आमच्या धंद्यात नुसतं 'व्हेज प्लीज' लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. त्यांचे पाहुणे चार दिवस फ्रेंच फ्राइजवर काढतात.

पाहुणे जालन्याचे. काका बियाण्यांचे व्यापारी, आता दुकान मुलाकडे. फॉर्मवर व्यवसाय 'निवृत्त', आवड 'इतिहास'. पहिले दिवस आयसल नदीकाठच्या जुन्या व्यापारी शहरांत गेले. डेव्हेंटरला वजनकाट्याची 1528 ची इमारत आणि मधाचा केक, मग झ्युटफेन. झ्युटफेनच्या वालबुर्ग चर्चला लागून सोळाव्या शतकातलं ग्रंथालय आहे, अजूनही पुस्तकं लोखंडी साखळ्यांनी बाकांना बांधलेली. सकाळच्या शांततेत आम्ही तिघं आणि दाखवणारे एक आजोबा, एवढेच. माझ्या मते यापलीकडे लक्झरी नाही. काकूंनी एक साखळी निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "बांधून ठेवलीत खरी, पण चोरायला माणूस तरी दिसतंय का इथं?"

मी हसले. तेव्हा ते विनोद म्हणूनच घेतलं.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो एन्कहाउझेनचा. सकाळी झ्वोले सोडलं, लेलिस्टाडवरून हाउट्रिबडाइकला लागलो. सव्वीसेक किलोमीटरचा सरळ बांध, दोन्हीकडे पाणी. एन्कहाउझेनच्या तोंडाशी रस्ता खाली उतरतो आणि वरून, पाण्याने भरलेल्या पुलावरून, जहाजं जातात. 2003 पासूनची ही सोय. काका खिडकीला नाक लावून बसले होते. तेवढ्यात बोटवाल्याचा फोन आला. त्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम म्हणजे जुन्या शिडाच्या जहाजातून, फक्त दोघांसाठी, आयसलमेर तळ्यावर चार तास. वारा सात बोफोर्ट, म्हणजे फारच जोराचा, तो म्हणाला, नाही. मी विनवणी केली नाही. हे पाणी उथळ आहे, चार-पाच मीटर, म्हणून लाटा आखूड आणि उभ्या उठतात. पासष्टीच्या माणसाला त्यात नेणं म्हणजे जुलूम. पण सूनबाईंना हे व्हॉट्सॲपवर समजावताना मला तीन संदेश लागले.

चार तास रिकामे. माझ्याकडे राखीव कार्यक्रम असतोच. एन्कहाउझेन हे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक. तिची मिरीची जुनी वखार आता झाउडरझे म्युझियमचा भाग आहे. याच गावात वाढला यान हाउखेन फान लिन्सखोटेन. 1583 मध्ये तो आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्याला गेला, पाचेक वर्षं राहिला आणि पोर्तुगीजांनी जपलेले सागरी मार्ग टिपून आला. 1595-96 मध्ये ते छापून निघाले. पुढे डच वेंगुर्ल्यापर्यंत आले, 1637 मध्ये तिथे वखार घातली. त्याच्या पुस्तकातल्या गोव्याच्या बाजाराच्या चित्राची प्रत मी फोल्डरमध्ये ठेवते. मराठी पाहुण्यांसमोर ही गोष्ट कधी वाया जात नाही.

काकांनी चित्र पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, "हेच का ते एन्कहाउझेन? डब्यावरचं?"

कोणता डबा?

मग कळलं. कोबी-फुलकोबीच्या बियाण्याचे हवाबंद पत्र्याचे डबे त्यांच्या दुकानात यायचे. खाली बारीक अक्षरात गावाचं नाव आणि हॉलंड. तीस वर्षं त्यांनी ते नाव फळीवर पाहिलं होतं. डबा उघडताना हवा आत शिरल्याचा जो आवाज येतो तो त्यांनी मला तोंडाने करून दाखवला. आवाज आला नाही तर डबा परत. "आमच्या जालन्यात महिको कंपनीच्या बारवाल्यांनी भेंडीपासून सुरुवात केली आणि गावाचं नाव केलं. पण गड्डा कोबीचं बी म्हणजे हॉलंडचं, असं शेतकरी बोलायचा." या पट्ट्याला सीड व्हॅली म्हणतात, भाजीपाल्याच्या बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या इथेच आहेत, हे मी सांगितलं आणि मग म्युझियम संपलंच. त्यांना अशा कंपनीचं फाटक बघायचं होतं.

एका कंपनीच्या रिसेप्शनवर गेलो. मी डचमध्ये सगळं सांगितलं: भारतातून आलेत, आयुष्यभर हेच बियाणं विकलंय, दहा मिनिटं. बाई अदबीने नाही म्हणाली. पूर्वसूचना हवी. गेल्या काही दिवसांत दुसऱ्या कुठल्या हरितगृहात गेला होतात का ते लिहून द्यावं लागतं, कारण टोमॅटोचा विषाणू कपड्यांवरून, हातांवरून येतो. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, तेवढ्याच गोड आवाजात.

काकू भडकल्या. "इतके पैसे घेतात आणि एक दार उघडता येत नाही?" काका मात्र म्हणाले, "बरोबर आहे तिचं. मीपण सोडलं नसतं." बाईने एक कॅटलॉग दिला, डचमधला. तो त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

इथे आमच्या ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. साडेबाराला गाडी उभी करून चीज-पाव खाणारा, पाहुण्यांशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे न बोलणारा माणूस. मला त्याचा कंटाळा आला होता. तो जवळच्याच आन्डाइकचा निघाला. न विचारता त्याने गाडी वळवली आणि एका शेताच्या कडेला उभी केली. इथे शेताला कुंपण नसतं, मध्ये पाण्याचा चर असतो. चराच्या पलीकडे फुलकोबी, हाताच्या अंतरावर. काका कडेला उकिडवे बसले. गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून आतलं एक पान मोडून वर झाकलेलं होतं. "आपल्याकडे पानं वर घेऊन बांधतात," ते म्हणाले. "इथं नुसतं मोडून टाकलंय. मजूर महाग असणार." ड्रायव्हरने मजुरीचा ताशी दर सांगितला, काकांनी जालन्याचा. मी दुभाषी. वाऱ्याने माझे डोळे गळत होते आणि हे दोघं तासभर रोपांतल्या अंतरावर बोलत होते. काकू गाडीत.

सहाला ड्रायव्हरची वेळ संपली. बंदराजवळच्या हॉटेलात काका कॅटलॉग घेऊन खोलीत गेले. काकूंना मी द्रोमेदारिस बुरुजाकडे चालायला नेलं. जूनचं लख्ख ऊन, दुकानं बंद, घरांचे पडदे उघडे, आत दिवाणखाने मांडलेले आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला हा तास फार आवडतो. काकू मध्येच थांबल्या.

"काय गं, इतकं सामसूम कामून आहे? चार दिवस झाले, गाव मेल्यासारखं वाटतंय. आमच्याकडे असं कोणी गेलं की असतं."

मी म्हणाले, तुम्हाला गर्दी नको होती ना?

"कोणी सांगितलं?"

समोर स्टेशन होतं. एन्कहाउझेनला रूळ बंदरापाशीच संपतात. पिवळी गाडी उभी होती. "ही कुठं जाते?" ॲमस्टरडॅमला, तासाभरात. "मग चल की."

मी वेळ झाली, जेवणाचं टेबल आहे, काका एकटे आहेत, सगळं सांगून पाहिलं. काकांना फोन लावला तर ते म्हणाले, जा, तिला घेऊन जा, मला भूक नाही. मी दोन तिकिटं काढली. ॲमस्टरडॅम स्टेशनसमोरच्या दामराक रस्त्यावर त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ट्राम, सायकली, गांजाचा वास, बॅचलर पार्टीला आलेली इंग्रज पोरं. माझं डोकं दुखायला लागलं. काकूंनी कागदाच्या कोनातले फ्राइज घेतले, पुतळ्याचं सोंग घेतलेल्या माणसाला नाणं टाकलं, तो हलला तेव्हा ओरडल्या, एका गुजराती कुटुंबाशी अर्धा तास बोलल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्या माझा हात न धरता चालत होत्या. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "सुनेला सांगू नकोस हं. तिनं हौसेनं केलंय."

मुलाने आईच्या फोनवर लोकेशन चालू ठेवलं होतं. रात्री नऊला ॲमस्टरडॅम दिसलं. सूनबाईंनी बोटीचे पैसे परत मागितलेत, ते द्यायचेच आहेत. पण 'गर्दी नको असं स्पष्ट लिहिलेलं असताना' त्यांना तिथे का नेलं, याचा लेखी खुलासा एजन्सीला हवाय. 'पाहुण्यांच्या आग्रहावरून' एवढं लिहिलं की मी सुटते. सूनबाई मग विचारणार, कोणाच्या? मेल परवापासून ड्राफ्टमध्ये पडलाय, आणि एजन्सीची दोन स्मरणपत्रं येऊन गेलीत.